घराचा कागद

साताऱ्यास आमचे एक घर होते. आज ते आमचे नाही. ते आमच्याकडून कसे गेले, आणि जाण्यापूर्वी ते नेमके कोणाचे होते, ही हकिकत मी येथे सांगणार आहे. मुलांनो, तुमच्याही घरी कधी ना कधी घर घेण्याच्या किंवा विकण्याच्या गोष्टी निघाल्या असतील. अशा वेळी वडील माणसे आवाज खाली आणतात आणि मुलांना अंगणात खेळावयास पाठवितात. मलाही असेच पाठवीत असत. त्यामुळे ज्या गोष्टी मला बाराव्या वर्षी सहज समजल्या असत्या, त्या समजण्यास सत्तेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले.

सातारा शहर अठराव्या शतकात छत्रपती शाहू महाराजांच्या काळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले. तेथील कित्येक पेठांना वारांची नावे आहेत. अशाच एका पेठेत आमचे घर होते. दगडी जोते, वर कौले, मध्ये लहानसा चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि एका कोपऱ्यात हौद. घर मोठे नव्हते. 'वाडा' म्हणावे इतके तर मुळीच नव्हते; तरी आमचे काका परगावच्या माणसांशी बोलताना त्यास वाडाच म्हणत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. उत्तरेकडील भिंतीस त्या पहाटे एक तडा गेला. वडील दरवर्षी तो चुन्याने बुजवीत, आणि पावसाळा सरला की तो पुन्हा आपले तोंड दाखवी.

हे घर आमच्या आजोबांनी १९३४ साली विकत घेतले होते. त्याचे खरेदीखत एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले असे. ते मोडी लिपीत होते. एम. ए. चा अभ्यास करताना मी मोडी शिकलो आणि सर्वांत आधी तो कागद काढून वाचला. प्रथम 'लिहून घेणार' म्हणजे विकत घेणारा, मग 'लिहून देणार' म्हणजे विकणारा. नंतर चतुःसीमा : पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत, पश्चिमेस दुसऱ्याचे परसू, उत्तरेस बोळ. घराचा पत्ता पुढे बदलतो, शेजारी बदलतात. म्हणून जुने लोक घर चारही बाजूंनी शब्दांनी बांधून ठेवीत. त्यापुढे लिहिले होते की हे घर 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह कायम फरोक्त' दिले आहे. 'फरोक्त' हा शब्द फारसी, अर्थ विकलेले. 'निधिनिक्षेप' हा संस्कृत, अर्थ जमिनीत पुरून ठेवलेले धन. दोन भाषा एकाच ओळीत अशा गुण्यागोविंदाने नांदताना मला तरी दुसरीकडे क्वचितच आढळल्या. निधिनिक्षेपाचा अर्थ कळताच माझ्या धाकट्या बहिणीने आणि मी वृंदावनाच्या मागे हातभर खणूनही पाहिले. धन मिळाले नाही; आईचा मार मात्र मिळाला.

येथे थोडा कायदा समजून घेतला पाहिजे. भाजी घेताना पैसे दिले, जुडी घेतली, व्यवहार संपला. घराचे तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर लेखी दस्त करून तो नोंदवावाच लागतो. नोंदणी कशी करावी हे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. दुय्यम निबंधकापुढे दोन्ही पक्षांनी जावयाचे, साक्षीदार न्यावयाचे, सह्या करावयाच्या. दस्तावर सरकारास मुद्रांक शुल्क द्यावे लागते. महाराष्ट्रात २०२१ पासून राहते घर स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास या शुल्कात एक टक्का सवलत मिळते. खेड्यातील शेतजमिनीस सातबारा असतो, तशी शहरातील घरास मिळकत पत्रिका असते. कोणाचे नाव पत्रिकेवर आहे हे तीत दिसते. पण जे नाव तेथे नाही तो माणूस मालक नाहीच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. आमचे सारे घोडे तेथेच अडले.

वडील २००३ साली वारले. आई त्यापूर्वीच गेली होती. मी नोकरीनिमित्त परगावी, बहीण पुण्यास, काका मुंबईस. घर वर्षातून अकरा महिने बंद. भिंतीतील तडा आता बुजविणारे कोणी नव्हते. २००६ साली घर विकण्याचे ठरले. गिऱ्हाईक चांगले मिळाले. इसाराची रक्कम घेतली, साठेखत झाले, आणि पुढील सहा महिन्यांत खरेदीखत करून देण्याचे आम्ही कबूल केले.

घेणाऱ्यांचे वकील जुने होते व सावकाश बोलत. त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. तुमच्या घरी वर्तमानपत्र येत असेल तर त्यातील अशा नोटिसा एकदा वाचून पाहा. 'सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत कळवावे' अशी त्यांची भाषा असते. नोटिशीस कोणाचेही उत्तर आले नाही. तरीही वकिलांनी आम्हांस बोलावून विचारले,

"तुमच्या आजोबांना अपत्ये किती?"

"दोन. माझे वडील आणि काका."

"मी मुलगे किती असे विचारले नाही. अपत्ये किती?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "तीन. एक आत्या आहे. सांगलीस असते."

मी शाळेत तीस-पस्तीस मुलांना व्याकरण शिकवीत होतो. 'अपत्य' या शब्दाचे लिंग मी किती वेळा सांगितले असेल! तरी तो अर्थ मला त्या दिवशी दुसऱ्याने सांगावा लागला.

आजोबा १९६१ साली वारले, मृत्युपत्र न करता. त्यापूर्वी १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला होता. त्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान. म्हणजे वडिलांचा एक तृतीयांश, काकांचा एक तृतीयांश आणि आत्याचा एक तृतीयांश. वडिलांच्या मागे त्यांचा वाटा माझ्यात व बहिणीत विभागून प्रत्येकी एक षष्ठांश. बहिणीचे नाव मी स्वतः अर्ज करून लावून घेतले होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आत्याचे नाव मात्र १९६१ साली वारसनोंद करताना कोणी दिलेच नव्हते. आमच्याच घरातील माणसांनी दिले नव्हते.

वकिलांनी हक्कसोडपत्राचा मसुदा करून दिला. आत्याने त्यावर सही केली की तिचा हिस्सा आम्हांस मिळणार होता. तो कागद घेऊन मी एस. टी. ने कराडमार्गे सांगलीस गेलो. आत्या तेव्हा ऐंशी वर्षांची होती. तिचे घर सांगलीच्या जुन्या गावभागात, कृष्णेच्या जवळ. आदल्या वर्षी, २००५ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. आत्याच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गढूळ रेघ अजून स्पष्ट दिसत होती. सांगलीत घर घेणारा माणूस आधी ही रेघ पाहतो आणि मग किंमत बोलतो.

आत्याने चष्मा पुसला आणि मसुदा स्वतः वाचला. वाचता वाचता तिने एका ओळीवर बोट ठेवले.

"येथे लिहिले आहे की मी माझा हिस्सा स्वखुशीने, विनामोबदला सोडून देते. होय ना?"

"होय, आत्या."

"अरे, सोडायला आधी तो माझ्याजवळ असायला हवा. माझे नाव कुठे आहे?"

मला उत्तर सुचेना.

"अण्णा गेले तेव्हा दादाचे कार्ड आले होते. दहाव्याला ये, तेराव्याला ये, सगळे लिहिले होते. घराचे काही नव्हते. मीही विचारले नाही. विचारले असते तर माहेर तुटले असते. आता तूच सांग, पंचेचाळीस वर्षांनी तुम्ही मला प्रथमच विचारता आहात, आणि विचारता ते काय, तर 'नाही' म्हणून सही दे!"

ती रागावलेली नव्हती. तिने मला पोहे खाऊ घातले. सही मात्र दिली नाही. निघताना एवढेच म्हणाली, "आधी माझे नाव कागदावर येऊ दे. मग विकायच्या कागदावर मी तुमच्या बरोबरीने सही करीन. आणि माझा वाटा घेईन."

आत्याने आजवर हिस्सा का मागितला नाही, याचे आणखी एक कारण मला नंतर वकिलांकडून कळले. १९५६ च्या कायद्यात तेविसावे कलम होते. कुटुंबीय राहत असलेल्या घरात मुलीचा वाटा असला, तरी मुलगे आपसांत वाटणी करीपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. हक्क दिला, पण दाराची कडी भावांच्या हाती ठेवली. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. याच दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीस जन्मतःच मुलासारखा हक्क मिळाला.

परतीच्या वाटेवर कराड लागले. तेथे कोयना कृष्णेस मिळते. या नदीवर वरच्या बाजूस कोयना धरण आहे. ते १९६४ साली पुरे झाले आणि शिवसागराच्या पाण्याखाली जावळी व पाटण भागांतील कितीतरी घरे गेली. त्या घरांना गिऱ्हाईक नव्हते, घासाघीस नव्हती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ती घेतली. तो जुना कायदा जाऊन त्या जागी २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. घर विकताना निदान 'नाही' म्हणता येते, हे मला त्या एस. टी. त बसून प्रथम जाणवले. आत्याने तेच केले होते.

काकांना हे मुळीच रुचले नाही. "तिच्या लग्नात अण्णांनी काय कमी खर्च केला?" असे ते दूरध्वनीवर पुनःपुन्हा म्हणाले. हे वाक्य तुम्हीही कोठेतरी ऐकाल. लग्नातील देणे वेगळे आणि वारसाहक्क वेगळा. एकातून दुसरे वजा करावे असे कायदा सांगत नाही. महिनाभर काकांनी माझ्याशी बोलणे टाकले. इकडे साठेखताची मुदत सरत होती. अखेर, आत्याच्या सहीवाचून खरेदीच होणार नाही असे वकिलांनी निक्षून सांगितले, तेव्हा ते तयार झाले. प्रेमाने नव्हे, नाइलाजाने. जे घडले तेच सांगितले पाहिजे.

मग वारसनोंदीचा अर्ज, जबाब, नोटिशीची मुदत. त्या दिवसांत कामानिमित्त साताऱ्यास माझ्या खेपा होत. एका खेपेस वाटेत प्रतापसिंह हायस्कूल लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव आंबेडकरांचे नाव याच शाळेत घातले गेले. नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे त्यांची स्वाक्षरी आहे आणि शाळेने ती जपून ठेवली आहे. पुढे लंडनमध्ये शिकत असता १९२१-२२ या काळात ते ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. असेही घर विकत घेतले जाते, राहण्यासाठी नव्हे. परंतु मला त्या दिवशी आठवली ती नोंदवहीच. कागदावर नाव असणे ही किती साधी गोष्ट, आणि ते नसणे केवढी मोठी!

दोन महिन्यांनी मिळकत पत्रिकेवर आत्याचे नाव लागले. तिने नक्कल मागवून घेतली.

खरेदीच्या दिवशी ती स्वतः साताऱ्यास आली. आजारी वा अशक्त माणसाच्या घरी निबंधक येऊ शकतात, तशी कायद्यात सोय आहे, असे मी तिला सांगून पाहिले. "मी अशक्त नाही," असे म्हणून तिने विषय संपविला. कचेरीत तिचे छायाचित्र घेतले, अंगठ्याचा ठसा घेतला. दस्त वाचला का, मजकूर मान्य आहे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. "वाचला. दोनदा वाचला," ती म्हणाली. लिहून देणार क्रमांक एक काका, क्रमांक दोन आत्या. काकांनी सही करून लेखणी तिच्यापुढे धरली. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना काकांनी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडविला नाही.

किल्ल्या देण्यापूर्वी ती एकदा घरात जाऊन आली. चौकात वृंदावनापाशी थांबून मला म्हणाली, "येथे मी माझे सागरगोटे पुरले होते. दादा पळवून नेई म्हणून." मी तिला निधिनिक्षेपाची ओळ सांगितली. ती मोठ्याने हसली. "मग गेले की ते! आता ज्यांचे घर, त्यांचे सागरगोटे."

आपल्या वाट्याच्या पैशांतून तिने सांगलीच्या घरावर एक माडी चढविली. त्यानंतर सहा वर्षांनी ती वारली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. जुन्या रेघेच्या वर नवी रेघ उमटली. आत्याच्या नातवाने मला नंतर सांगितले की पाणी जिन्याच्या निम्म्या पायऱ्यांपर्यंत चढले होते. घरची माणसे, शेजारची दोन कुटुंबे, एक शेळी आणि आत्याची कागदांची पेटी, सारी वर माडीवर होती.