पेला कुणाच्या हातून पडला?

फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमुळे पुण्याला परकीय भाषांच्या वर्गांची जुनी सवय आहे. मी शिकवते स्पॅनिश. नकळत घडलेल्या गोष्टी सांगायचा धडा आला की मुलं बिचकतात. मराठी मुलांनी खरं तर बिचकायचं कारण नाही.

१. इंग्रजी बाजूला ठेवा. ‘आय ड्रॉप्ड द ग्लास’ डोक्यात घेऊन मुलं ‘यो’ने, म्हणजे ‘मी’ने, सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. आपण तर सहज म्हणतो, ‘माझ्या हातून पेला पडला.’ स्पॅनिशही तेच म्हणते: ‘से मे कायो एल बासो’. यातला ‘मे’ कर्ता नव्हे. ज्याच्या बाबतीत ते घडलं, तो.

२. क्रियापद वस्तूचं ऐकतं. पेले दोन असले तर ‘कायो’चं ‘कायेरोन’ होतं, जसं ‘पडला’चं ‘पडले’. किती जणांच्या हातून पडले, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

३. जोड्या आठवा. फोडणं-फुटणं, जाळणं-जळणं. आपण क्रियापदच बदलतो. स्पॅनिश ‘रोम्पेर’ला किंवा ‘केमार’ला नुसतं ‘से’ जोडते. पाडणं-पडणं मात्र जपून. ‘कायेर’ मुळातच पडणं आहे; मुद्दाम पाडायचं तर ‘तिरार’ हे वेगळंच क्रियापद लागतं.

४. साचा एक, आपल्याकडच्या तऱ्हा अनेक. ‘से मे इसो तार्दे’: मला उशीर झाला. ‘से मे पेर्दियेरोन लास याबेस’: माझ्या किल्ल्या हरवल्या. ‘से नोस फ्वे ला लुस’: आमच्याकडची लाइट गेली. हे शेवटचं वाक्य मी शक्यतो गुरुवारी, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते त्या वारी, शिकवते. पुणेकर ते विसरत नाहीत.

५. नाव घेतलं तरी सर्वनाम गाळू नका. आईचा भात करपला, तर ‘आ मी माद्रे से ले केमो एल आर्रोस’. आईचा उल्लेख आधीच झाला, मग हे ‘ले’ आणखी कशाला, असं मराठी कानाला वाटतं. स्पॅनिशला ते हवंच. आणि ‘से’ कायम त्याच्या आधी.

६. ही रचना म्हणजे जबाबदारीतून पळवाट नव्हे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2011मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना त्यांनी फुगे फोडणं, पेय सांडणं अशा चित्रफिती दाखवल्या. मुद्दाम कुणी केलं, हे दोघांनी सारखंच लक्षात ठेवलं. चुकून झालं तेव्हा मात्र ते कुणाच्या हातून झालं, हे स्पॅनिश भाषकांना इंग्रजी भाषकांइतकं आठवलं नाही. वाक्यातून माणूस मागे सरला की आठवणीतूनही सरतो, असं दिसतं. तेव्हा यजमानांकडे काही फुटलंच तर ‘से मे रोम्पियो’ म्हणून थांबू नका. पुढे ‘लो सियेन्तो’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नवा पेला नेऊन द्या.