क्रिस्टल म्हणून गळ्यात मारलेला बोर्ड

इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरी बनवता येतो आणि चांगला बनतो. माझा बिघडला तो विकत आणलेल्या एका बोर्डामुळे. हे आधीच सांगतो, कारण आमच्या बिडकीन गावात अजून वेगळंच बोललं जातं.

बंगळूरचे जी. राज नारायण स्वतः बासरी वाजवणारे अभियंते. त्यांनी 1979 मध्ये असा तानपुरा केला आणि आता तो कीर्तनात सर्रास दिसतो. आमच्या भजनी मंडळाला नाथषष्ठीच्या दिंडीसाठी घरचा हवा होता. आराखडा माझा. एकच मूळ कंपन, साधारण 832 हर्ट्झ. तीनने भागलं की 277, म्हणजे काळी एकचा षड्ज. चारने भागलं की 208, खालचा पंचम. सहाने भागलं की खर्ज. हे भागाकार करणाऱ्या आयसी स्वस्त असतात आणि चुकत नाहीत. सगळी मदार त्या मूळ कंपनावर, म्हणून तेवढा बोर्ड मी शहरातल्या एका दुकानातून ‘क्रिस्टलचा’, म्हणजे उन्हातही कंपन न ढळणारा, म्हणून जास्त पैसे देऊन आणला. वरून काळा इपॉक्सी ओतलेला. ‘उघडू नका भाऊ, गॅरंटी जाईल,’ असं बजावून दिला.

दिंडीत पहाटे काकड्याला तानपुरा पेटीशी तंतोतंत जुळला. दुपारी पत्र्याखाली कीर्तन उभं राहिलं आणि पेटीचा सा धरताच घुंऽ घुंऽ अशा लाटा उठायला लागल्या. पेटीवाले महाराज भाते दाबत माझ्याकडे बघत राहिले. शेवटी तानपुरा बंद केला.

दुकानात नेला तर दुकानदारांनी पंख्याखाली, काउंटरवर, एकटा वाजवून दाखवला. ‘ऐका, सुरात तर आहे. तुमची पेटीच उतरलेली असेल.’ दुकानातली चार माणसं माना डोलवत होती. मला राग आला तो त्यांच्या आवाजातल्या खात्रीचा. पेटी लावणारा माणूस आमच्याकडे पिढीजात आहे.

खरी गोम परत येताना पैठण रस्त्यावर लक्षात आली. सा, पंचम, खर्ज तिन्ही एकाच कंपनातून निघतात. ते सरकलं की तिन्ही बरोबरच सरकतात. वाद्य स्वतःशी सुरातच राहतं, बेसूर होतं ते फक्त पेटीशी. एकटं ऐकून हा दोष कोणालाच कळणार नाही, आणि त्यांनी ते एकटंच ऐकवलं होतं.

घरी इपॉक्सी ब्लेडने खरवडला. क्रिस्टल असता तर आकडा कोरलेली चंदेरी डबी दिसली असती. निघाली 555 टायमर आयसी आणि शेजारी तपकिरी रंगाची सिरॅमिक डिस्क. तापलेलं सोल्डरिंग आयर्न डिस्कजवळ नुसतं धरलं, टेकवलं नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरचा आकडा 277 वरून 284 कडे चढला. आयर्न काढून पंखा लावला, आकडा खाली आला. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता उन्हात घटते, कंपन वाढतं, सूर चढतो. बोर्ड घेऊन पुन्हा गेलो तर उत्तर मिळालं, ‘फोडून आणलात, आता काही होणार नाही.’ पैसे आजतागायत आलेले नाहीत.

तेव्हा, बोर्ड घेताना बिलावर ‘क्रिस्टल’ असं लिहून घ्या. लिहून देत नसतील तर तिथून निघा. खरवडण्याआधी व्हिडिओ काढा. 555 वरच करायचं असेल तर पॉलिएस्टर किंवा एनपीओ कपॅसिटर आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मागा, ‘तेच आहे, लावा’ याला भुलू नका. ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरपासून लांब बसवा, नाहीतर खर्जाच्या खाली गुणगुण ऐकू येते. ॲम्प्लिफायरच्या एलएम 386 आयसीला 12 व्होल्टच्या वर चढवू नका.

सूर तपासताना मात्र वाद्य कधीच एकटं वाजवू नका. शेजारी पेटी धरा आणि लाटा मोजा. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन हर्ट्झचा फरक. मग हेअर ड्रायरने बोर्ड तापवा आणि पुन्हा मोजा. आता माझा तानपुरा खऱ्या क्रिस्टलच्या मायक्रोकंट्रोलरवर आहे. पत्र्याखाली, भर दुपारी, पेटीच्या शेजारी ठेवून मी तो मंडळासमोर वाजवला. त्या दुकानदाराला यायचा निरोप धाडला होता. आला नाही.