शेततळ्यांतील अनोळखी शिकारी मासा

शेततळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडावें, कांहीं महिन्यांनीं जाळें ओढावें आणि बीजाच्या जागीं एखादाच धष्टपुष्ट अनोळखी मासा हातीं लागावा, हा प्रकार शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणणारा आहे. असा मासा बहुधा दोन वाटांनीं येतो. पुरांत वहाळाच्या पाण्याबरोबर देशी मासा तळ्यांत शिरतो. किंवा कोणी हौशी मनुष्य कांचेच्या पेटींत न मावणारा शोभेचा मासा दयाबुद्धीनें पाण्यांत सोडून देतो. तो कोणता हें कळल्यावांचून उपाय ठरत नाहीं. म्हणून ओळखीचीं कांहीं लक्षणें येथें देत आहों.

प्रथम, रंगावर भिस्त ठेवूं नये. तो वयाप्रमाणें बदलतो व मासा मेल्यावर फिकट होतो. अंगावर खवले आहेत कीं नाहींत, मिशा किती, दांत कसे आणि पाठीवरील पर कोठें व किती लांब, या चार गोष्टी क्रमानें पाहाव्या.

खवले नाहींत, मिशांच्या चार जोड्या व पाठीवर लांबलचक पर असेल, तर तो मांगूर. देशी मांगूर लहान राहतो. कित्येक किलो वजनाचा असेल, तर आफ्रिकन मांगुराचा दाट संशय घ्यावा. त्याच्या पालनास भारतांत २००० सालापासून बंदी आहे. पाठीवरील पर अगदीं आंखूड असेल, तर ती शिंगी. तिच्या बाजूच्या कांट्याचा दंश विषारी असतो, म्हणून हात जपावा.

पर लांब, परंतु मिशा नाहींत व डोक्यावर सापासारखे मोठे खवले, असा मासा आपला देशी मरळ होय. तो बीज खातो खरा, पण बाजारांत त्यास मागणी असते. परका समजून त्यास फेकूं नये.

पोट तांबडें व अंग ताटासारखें चपटें दिसतांच ‘पिरान्हा आला’ अशी हाकाटी होते. अशा वेळीं मेलेल्या माशाचा ओठ काडीनें उचलून दांत पाहावे. त्रिकोणी व धारदार असतील, तर पिरान्हा. दाढांसारखे बोथट असतील, तर पाकू, म्हणजे बाजारांतील रूपचंद. दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेंतील.

जबडा मगरीसारखा, खवले शंकरपाळ्याच्या आकाराचे व अति कठीण, पर शेपटीनजीक, असा मासा उत्तर अमेरिकेंतील ॲलिगेटर गार होय. २०२३ सालीं तो श्रीनगरच्या दल सरोवरांत सांपडला. तो सहा फुटांहूनही अधिक वाढूं शकतो व त्याचीं अंडीं विषारी असतात. आपल्या नद्यांतील चोचीचा देशी मासा सडपातळ, बारीक खवल्यांचा व जेमतेम हातभर असतो. त्यास गार समजूं नये.

तरीही शंका राहिल्यास रंग टिपून घ्यावा, शेजारीं मोजपट्टी ठेवून एका बाजूनें छायाचित्र काढावें आणि मासा बर्फांत घालून रत्नागिरीनजीकच्या शिरगांव येथील मत्स्य महाविद्यालयांत अथवा झाडगांवच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रांत दाखवावा. पाणी येण्याच्या तोंडाशीं बारीक जाळी बसवावी. मात्र परका मासा पुन्हा वहाळांत किंवा काजळी नदींत सोडूं नये. तळ्याचें नुकसान एका हंगामाचें असतें. नदींत त्याची वीण माजली, तर ती उपटून काढणें कोणाच्याही हातीं राहत नाहीं.