गाडी स्वस्त, तिचं येणं महाग

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा फोटो आला आणि खाली एकच ओळ, "ताई, पंचवीस लाखांत गरौठ्यात दारात!" मी अंधारात चाचपडत चष्मा शोधला आणि फोटो मोठा करून बघितला. पांढरी, बसकी, दोन दारांची टोयोटा जीआर 86. देखणी आहे गं, मी नाही कशाला म्हणू? आणि "भावाला हवी आहे" हे मला सांगू नकोस. आठवीत असताना वहीच्या मागच्या पानावर गाड्या कोण काढायचं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

आधी रागवून घेते, मग शांतपणे बोलू. त्या एजंटाला टोकन दिलं नाहीस ना अजून? नसशील तर या निरोपातलं सगळं वाचून होईपर्यंत देऊ नकोस. दिलं असशील तर पावती जपून ठेव, पुढचा हप्ता थांबव आणि मला फोन कर. मी ओरडणार नाही. थोडंसंच ओरडेन.

खरं सांगू का, जपानी वस्तूच्या बाबतीत मी तुझ्याहून मोठी वेडी ठरलेली आहे. नागोयाला माझा भाचा आहे ना, त्याच्याकडून मी एकदा भाताचा कुकर मागवला होता. त्याला तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानात मातीमोल भावात मिळालेला. मी झाशीभर सांगत सुटले, फुकटात पडला म्हणून. स्वयंपाकघरात लावला, बटण दाबलं, एक बारीकसा 'फट्' आवाज झाला आणि जळक्या वायरीचा वास दोन दिवस घरात राहिला. जपानात वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230. मग मी हट्टानं तो दुरुस्त करून घेतला आणि वर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला. तो कुकरपेक्षा महाग, आणि वजन म्हणशील तर पाटा-वरवंट्याएवढं. तुझे भावजी अजून त्याला 'सोन्याचा कुकर' म्हणतात. तुझ्या गाडीला ट्रान्सफॉर्मर लागणार नाही, पण तसल्या दहा गोष्टी लागतील, आणि त्या आधी मोजायला हव्यात.

पहिली गोष्ट त्या जुन्या स्वप्नांची. जुनी सुप्रा, आरएक्स-7, स्कायलाईनची ती आर 34. या गाड्या 2002 सालीच बनायच्या बंद झाल्या. आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा काटा हवा, आणि गाडी उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. जपानी गाडी उजव्या स्टिअरिंगची असते, काटाही किलोमीटरचा, तेवढं आपल्या बाजूनं. पण वयाच्या अटीला पळवाट नाही. अमेरिकेत उलटं आहे, तिथे पंचवीस वर्षं जुनी झाली की गाडी सहज येते, म्हणून इंटरनेटवर सगळे पंचवीस वर्षांच्या गोष्टी करतात आणि आपण त्या ऐकून हुरळतो. आपल्याकडे जुन्याला दार उघडतं ते थेट पन्नाशी ओलांडल्यावर, विंटेज म्हणून. म्हणजे 1969 साली निघालेली डॅटसनची ती झेड गाडी शोधलीस तर ती त्यात बसेल. पण विंटेजचा नंबर मिळाला की ती मेळाव्याला, प्रदर्शनाला न्यायची, रोज बाजारात नाही. मटार घेऊन गुरसरायच्या मंडीत तर नाहीच.

तेव्हा तुझ्या एजंटानं जीआर 86 निवडली, तिथे तो हुशार निघाला. ही 2021 पासूनची, म्हणून तीन वर्षांच्या आतली सापडू शकते. आता बस आणि माझ्याबरोबर हिशेब मांड. मी कालनिर्णयच्या पाठीमागे मांडलाय, तू ट्रॅक्टरच्या वहीत मांड. घरची अख्खी शेतीची वही तू सांभाळतेस, या हिशेबानं तुला घाम फुटायचं कारण नाही.

जपानात ही गाडी नवी निघाली तेव्हा सुमारे 28 लाख येनपासून मिळायची. बऱ्या अवस्थेतली वापरलेली 30 लाख येनला धर, कारण वरच्या मॉडेलची असेल. येनला साठ पैसे धरले तर झाले 18 लाख रुपये. लिलावाची दलाली, तिथला निर्यातदार, जहाज आणि विमा मिळून आपण अंदाजानं 2 लाख धरू. झाले 20. एजंटानं हे वीस धरले, वर पाच स्वतःचे ठेवले आणि 'दारात' हा शब्द चिकटवला.

आता सरकारचं. वापरलेल्या मोटारीवरचं सीमाशुल्क अधिभार धरून साडेसदतीस अधिक शंभर, म्हणजे 137.5 टक्के. बरीच वर्षं हाच आकडा आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात त्यातल्या भागांची नावं बदलली, बेरीज तीच राहिली. आणि हे लागतं जहाजभाडं-विम्यासकट किमतीवर. 20 लाखांवर 27 लाख 50 हजार. झाले साडेसत्तेचाळीस. त्यावर जीएसटी. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांना 40 टक्के, आणि हिचं इंजिन 2400 सीसीचं, म्हणजे मोठीच. तो लागतो शुल्क मिळवलेल्या रकमेवर, करावर कर. आणखी 19 लाख. झाले 66 लाख 50 हजार. मग झाशीच्या आरटीओत यूपी 93 चा नंबर घ्यायचा तर रोड टॅक्स दहा-अकरा टक्के धर, आणखी सात लाख. तपासण्या, बंदराचा खर्च, मुंबईहून ट्रकनं गाडी इकडे आणणं, पहिला विमा, असं करत पंचाहत्तर लाखांच्या खाली काही तू येत नाहीस.

मी तीनदा बेरीज केली बघ. पहिल्यांदा वाटलं माझंच शून्य चुकलं.

आपल्या मंडळींचा इतिहास काय? गोविंदपंत बुंदेल्यांच्या मागोमाग आपण इथे बुंदेलखंडात आलो, गुरसरायला राहिलो, आणि मराठे म्हटलं की लोकांना चौथाई आठवते. चौथाईत रुपयाला चार आणेच जायचे गं. इथे गाडीच्या रुपयावर नुसत्या आयातीला सव्वादोन रुपयांहून जास्त जातायत. आता आपल्याला कळतंय, समोरच्याला तेव्हा कसं वाटत असेल ते.

सचिनची फेरारी तुला आठवते का? 360 मोडेना, शूमाखरच्या हातून मिळालेली, 2003 च्या सुमारास केवढा गदारोळ झाला होता. गाडी भेट, म्हणजे फुकट, आणि सीमाशुल्क 1 कोटी 13 लाखांचं. माफी दिली म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी फियाट कंपनीनं ते भरलं. घराघरातले लोक तेव्हा सचिनच्या बाजूनं किंवा विरुद्ध भांडत होते. माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की फुकटातल्या गाडीलाही कोटीच्या वर लागतात. तुझ्यामाझ्यामागे तर फियाट पण नाही.

अजून एक खोच आहे. बिलावर कमी किंमत लिहून घेऊ, असं एजंट म्हणेल. म्हणालाच असेल. कस्टम्सवाले ती किंमत मान्य करतीलच असं नाही. ती गाडी नवी असतानाची किंमत काढून, तिच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ते आपला आकडा ठरवू शकतात. कमी लिहिलेलं सापडलं तर दंड तुझ्या नावावर, एजंटाच्या नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना गाडी बंदरात उभी, तिचं भाडं दिवसावर.

तपासणीचं बघ. पाठवण्याआधी तिकडचं प्रमाणपत्र लागतं आणि आल्यावर इकडची तपासणी. ती करणाऱ्या संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई आणि मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र. वर पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि देशात तिची सर्व्हिस होईल, याची हमी. जी गाडी टोयोटा आपल्याकडे विकतच नाही, तिच्या सर्व्हिसची हमी कोण देणार? हा प्रश्न एजंटाला लेखी विचार. तो "सब हो जाता है" म्हणाला तर फोन ठेव.

आता तो कागद. तू फोटोबरोबर लिलावाचं पत्रक पाठवलंस ना, जपानी अक्षरांचं, गाडीचं रेखाचित्र असलेलं? ते मी भाच्याला पाठवलं. तिकडे लिलावात गाडी तपासणारा माणूस रेखाचित्रावर अक्षरं टाकतो. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे तिथे पत्रा ठोकून दुरुस्ती झालेली, आणि पुढचा आकडा जितका मोठा तितकं जास्त. कोपऱ्यात एकूण गुण असतात, साडेचार म्हणजे छान, चार म्हणजे ठीक. तुझ्या पत्रकावर कोपऱ्यात आकडाच नाही, 'आर' आहे. आर म्हणजे अपघात होऊन दुरुस्त झालेली. डाव्या दारावर आणि मागच्या मडगार्डवर 'डब्ल्यू' आहे. एजंटानं तुला "बिलकुल नयी" म्हणून सांगितलं, पुरावा मात्र स्वतःच पाठवून बसला. त्यालाही बहुतेक वाचता येत नाही.

अगं, रडू नकोस हं. चूक तुझी नाही, जपानी वाचायला कोण शिकवतं गरौठ्यात?

आणि दोन वाटा अशा, की कोणी दाखवल्या तर ऐकूनही घेऊ नकोस. एक, "कापून आणू", म्हणजे गाडी अर्धी कापून सुटे भाग म्हणून आणायची आणि इथे जोडायची. दुसरी, "शेजारच्या देशातून आणू, कागद आमच्याकडे". 2025 च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सनं 'ऑपरेशन नुमखोर' केलं, भूतानमार्गे बनावट कागदांवर आणलेल्या महागड्या गाड्या जप्त केल्या. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत वाहनच. त्यात मोठ्या नावांच्या घरी झडत्या झाल्या. गाडी सगळे पैसे मोजून घेतलेली असली तरी जप्त होऊ शकते, आणि सोडवायची तर दंड भरावा लागतो. परदेशातून कायमचा परतणारा माणूस सामान शुल्काशिवाय आणू शकतो, हेही तुझ्या कानावर येईल. त्या सवलतीत मोटार धरत नाहीत. फ्रीज येईल, गाडी नाही.

समज, आणलीसच. पुढे? तिचं पोट जमिनीपासून 13 सेंटीमीटरवर. गरौठा ते मऊरानीपूर रस्त्यावर गावागावांनी स्वतःच्या हातानं घातलेले गतिरोधक तू रोज बघतेस. मी तर आपल्या अल्टोतही तिथे श्वास रोखते. पेट्रोल जपानी गाडीला वरच्या ऑक्टेनचं लागतं. आपल्याकडे साध्या पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई20 मिळतं, आणि वरच्या दर्जाचं शोधायला शहर गाठावं लागतं. जेठात झाशीत पारा 45 ला टेकतो तेव्हा रेडिएटरची एक पाईप फुटली तर ती जपानहून यायला महिने. तोवर गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली, आणि येणारा-जाणारा विचारणार, "चलती नहीं है क्या?"

आता तू म्हणशील, ताई, मग मी काय करू? सांगते ना.

हवी तर खरोखरीची जपानी स्पोर्ट्स गाडी इथेच आहे. निसाननं 370 झेड आपल्याकडे रीतसर विकली होती, आणि जीटी-आर 2016 च्या डिसेंबरात आणली, किंमत तेव्हाच दोन कोटींच्या घरात, म्हणून ती सोड. पण भारतात नोंदलेली 370 झेड वापरलेली मिळाली तर शुल्क भरून झालेलं असतं, आरसी बुक हातात असतं, आणि पहिल्या मालकाला भेटून चहा पिता येतो. सुटे भाग महागच, पण निदान रात्री झोप लागेल.

आणि माझं ऐकशील तर दुसरं. आरटीओत अर्ज करून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना घे, फी हजार रुपये, वर्षभर चालतो. जपान तो मानतो, आणि तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. भाच्याकडे राहा. तीच जीआर 86 तिकडे भाड्यानं मिळते, दोन दिवस घे, डोंगरातल्या रस्त्यांवर हवी तेवढी पळव. तिकीट, व्हिसा, भाडं, येताना माझ्यासाठी वस्तू, सगळं धरून तुझ्या पंचवीस लाखांतले किती जातील ते तूच काढ, हिशेबात तू माझ्याहून पक्की आहेस.

रविवारी झाशीला ये. टोकनची पावती, एजंटाचे सगळे मेसेज आणि तुझा पासपोर्ट घेऊन ये, नसेल तर फोटो आणि आधार आण, पासपोर्टचा अर्ज इथेच भरू. जेवायला साधा वरणभात आहे. गॅसवर केलेला, घाबरू नकोस.