फोटो काढ, पण आधी बघ

हे बघ, नॉर्दर्न लाइट्स पाहायला नॉर्वेलाच जावं लागतं, असं मनात धरून बसू नकोस. १० मे २०२४ च्या रात्री तू राहतेस त्याच दक्षिण इंग्लंडमध्ये लोकांनी ते घराच्या अंगणातून पाहिले. इतकं जोरदार सौरवादळ २००३ नंतर प्रथमच आलं होतं. आपल्या लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा तेव्हा उत्तरेला लाल छटा टिपली.

लालच का, ते समजून घे, म्हणजे हिरमोड होणार नाही. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर उमटतो, लाल त्याच्याही वर, दोनशेच्या पुढे. दूर दक्षिणेकडून हिरवा क्षितिजाआड राहतो, लाल तेवढा दिसतो. त्यात अंधारात आपल्या डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही. म्हणून तुला कदाचित करड्या ढगासारखंच काहीतरी दिसेल. लगेच घरात येऊ नकोस. फोन उत्तरेकडे धरून नाइट मोडमध्ये एक फोटो काढ. त्यात गुलाबी-लाल उमटलं, तर समज, तेच!

मग ट्रायपॉड लाव आणि टायमर ठेव, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलणार नाही. कॅमेरा असेल तर लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, आयएसओ १६०० ते ३२००, एक्स्पोजर पाच ते दहा सेकंद. ऑटोफोकस बंद कर. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून बघ आणि तो टाचणीच्या टोकाएवढा बारीक होईपर्यंत फोकसची रिंग हळूहळू फिरव. लेन्सवर दव धरतं, ते अधूनमधून पुसत जा. स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेव, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात.

ब्रिटिश हवामान खातं एक-दोन दिवस आधी अंदाज देतं. पण नक्की काय होणार, ते पंधरा लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून जेमतेम तासभर आधी कळतं. म्हणून जॅकेट आणि चार्ज केलेली बॅटरी हाताशी असू दे. गावाबाहेरची, उत्तर मोकळी असलेली जागा दिवसाच हेरून ठेव. रात्री एकटी मात्र जाऊ नकोस, मैत्रिणीला सोबत घे.

आणि एवढं माझं ऐक. दोन-चार फोटो झाले की फोन खिशात टाक आणि वर बघ. फोटो दुसऱ्यांचेही मिळतील गं, बघायचं मात्र तुझं तुलाच आहे.