शिरपेंच आणि शेजार



जव्हार गांवाजवळ शिरपामाळ नांवाची एक जागा आहे. इ. स. १६६४ मध्यें सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम ह्या माळावर पडला. तेथें जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांस सामोरे गेले व त्यांनीं महाराजांस शिरपेंच अर्पण केला, म्हणून माळास हें नांव पडलें, असें लोक सांगतात. पाहुण्याचा असा मान झालेला ऐकून कोणासहि वाटेल कीं, ह्या दोन शेजाऱ्यांचें सख्य आतां कायम झालें. परंतु तसें घडलें नाहीं. पुढें त्यांचे संबंध बिघडले आणि १६७२ सालच्या जून महिन्यांत महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनीं जव्हार घेतलें. विक्रमशहांस आपली राजधानी सोडावी लागली. माळावरील त्या भेटीस अवघीं आठ वर्षें झालीं होतीं.

दोष कोणाचा, ह्याचा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं. राजकारणाच्या वाटा निराळ्या असतात. तरी आपणांसारख्या साध्या मनुष्यांनीं ह्यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एका दिवसाच्या सत्कारानें ओळख होते, शेजार होत नाहीं.

बदली होऊन जव्हार-मोखाड्याकडे आलेला शिक्षक, दवाखान्यांतील परिचारिका किंवा नव्यानें नेमलेला उपदेशक ह्यांचा प्रसंग असाच असतो. पहिल्या दिवशीं हार घालतात, चहा होतो, चार भाषणें होतात. महिन्यानें पाहावें तों त्याच्या दारीं कोणी येत नाहीं, आणि तोहि कोणाच्या दारीं जात नाहीं. मग तो म्हणतो, “येथील लोक अबोल आहेत.” लोक म्हणतात, “मास्तर मोठे आहेत, आपल्यांत बसत नाहींत.” दोघेहि एकमेकांची वाट पाहत बसतात आणि वर्ष निघून जातें.

तर शेजार कसा जोडावा?

पहिली गोष्ट ही कीं, मनुष्य नांवानें ओळखावा. ह्या मुलखांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी असे अनेक समाज राहतात. त्या सर्वांस एकाच नांवानें हांक मारणारा मनुष्य त्यांपैकीं कोणासहि ओळखीत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं जो भेटेल, त्याचा पाडा कोणता, घरीं कोण कोण आहेत, हें विचारावें आणि पुढल्या बाजारीं तें विसरूं नये.

दुसरी गोष्ट, देण्याबरोबर घेण्यासहि शिकावें. जो नेहमीं देतो आणि कधीं कांहीं घेत नाहीं, त्याचे उपकार होतात, पण त्याचा शेजार होत नाहीं. म्हातारीनें नागलीची भाकर पुढें केली, तर बसून खावी. छप्पर गळत असेल, तर शेजाऱ्यासच विचारावें. पावसाचें ज्ञान त्यास आपल्याहून अधिक आहे.

तिसरी गोष्ट, कामाच्या दिवसांत जावें. आवणीच्या वेळीं चिखलांत उभे राहून सावडीनें काम करणाऱ्यांमध्यें जो एक दिवस वांकला, त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. पीक घरांत आलें कीं, येथील पुष्कळ कुटुंबें मजुरीकरितां भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मागें म्हातारीं माणसें राहतात, कधीं शाळेंतलीं मुलेंहि. त्या महिन्यांत पाड्यावर जाणें म्हणजे ओस दारांमधून फिरणें होय. पण शेजाऱ्याची खरी गरज तेव्हांच असते. मागें राहिलेल्या म्हातारीस कोणी पाणी आणून दिलें काय? मुलगा शाळेंत जातो काय? हें पाहणारा मनुष्य, घरचीं माणसें परततील तेव्हां परका राहणार नाहीं.

कोणी विचारील, “आमच्या कुटुंबाचा धर्म वेगळा. गांवांत बोहाडा निघतो, मुखवट्यांचीं सोंगें रात्रभर नाचतात. आम्ही तेथें जात नाहीं. मग आम्हांस गांव आपलें कसें म्हणेल?” प्रश्न खरा आहे, आणि त्याचें दुःखहि खरें आहे. ज्यांत मन नाहीं तें करूं नये. पण त्याची थट्टाहि करूं नये. आणि बोहाड्याच्या दिवसाखेरीज जे इतर दिवस उरतात, त्यांत दार बंद ठेवूं नये. एका रात्रीची अनुपस्थिति लोक विसरतात. आजारांत न आलेला शेजारी मात्र ते विसरत नाहींत.

ह्याच जिल्ह्यांतील दुसरें एक उदाहरण पाहा. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर ह्या पुण्याच्या, कायद्याचें शिक्षण घेतलेल्या बाई, डहाणू-तलासरीकडील वारल्यांमध्यें गेल्या. त्या काळीं वारली लोक जमीनदारांच्या वेठीखालीं पिचत होते. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायकोस गडी म्हणून राबावें लागे. बाईंचीं राजकीय मतें सर्वांस मान्य होतील असें नाहीं. परंतु त्या लोकांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्यांत जेवल्या, आणि त्यांचें बोलणें त्यांनीं ऐकून घेतलें. तो अनुभव त्यांनीं पुढें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत लिहिला. त्यांस कोणी शिरपेंच बांधला नव्हता. त्या वारंवार गेल्या, इतकेंच.

मननासाठीं प्रश्न :
१. आपल्या घराच्या उजवीकडील व डावीकडील कुटुंबांतील सर्वांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय?
२. गेल्या महिन्यांत आपण शेजाऱ्याकडून काय घेतलें?
३. आपल्या पाड्यावर ह्या वर्षीं कोणत्या घरीं म्हातारें माणूस एकटें राहील? तेथें कोण जाईल, आणि कोणत्या वारीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मंडळींत बसून, नांव घेऊन ठरवावें.