कोंबडीचे मांस : पाकी, स्वच्छता आणि स्वयंपाकघराचा ओटा



नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका वयोवृद्ध भगिनीने मागील महिन्यात जुमाच्या नमाजनंतर आपल्या मुलाकरवी एक प्रश्न पाठविला. प्रश्न वरवर पाहता लहान होता, परंतु त्यामागे एका घराची शांती पणाला लागलेली होती. घरात नवी सून आली आहे. ती बाजारातून आणलेले कोंबडीचे मांस न धुताच हंडीत टाकते. विचारले असता म्हणते, "अम्मी, डॉक्टर सांगतात की कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, त्याने रोगजंतू पसरतात." सासूबाईंचे म्हणणे असे की, न धुतलेले मांस नापाक, ते पोटात गेल्यावर नमाज कशी व्हावी? चार रविवार झाले, त्या एकट्या डाळ-भात खाऊन उठतात. सून मुकाट्याने रडते. मुलाने खालच्या आवाजात विचारले, "मौलाना, दोघींपैकी बरोबर कोण?"

दोघींच्या म्हणण्यात सत्य आहे. परंतु दोघीही एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलत आहेत, आणि घोटाळा तेथेच आहे. म्हणून या अंकातील पाठ याच प्रश्नावर लिहीत आहे.

प्रथम शरीअतचा मसला पाहू. सूरह अल-अनआमच्या १४५व्या आयतीत जे रक्त हराम ठरविले आहे, त्याला 'वाहते रक्त' असे विशेषण लावलेले आहे. जिबह करताना गळ्यातून उसळून बाहेर पडते ते हे रक्त. ते हरामही आहे आणि नजिसही. मात्र जिबह यथासांग झाल्यानंतर मांसाच्या तंतूंत आणि बारीक शिरांत जे रक्त उरते, ते या हुकमात येत नाही. हनफी फकीहांनी त्यास पाक मानले आहे. कोकणातील आपल्या शाफई बांधवांसाठीही अडचण नाही, इमाम नववी (रह.) यांनी मांसावर उरलेले रक्त माफ असल्याचे स्पष्ट केले आहे, कारण त्यापासून पूर्णपणे वाचणे माणसाला अशक्यप्राय आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्याविषयी तफसीरच्या ग्रंथांत असे कथन आढळते की, हंडीतील पाण्यावर रक्ताची लाली दिसली तरी त्यांना त्यात काही गैर वाटत नसे.

याचा अर्थ असा की, तुकड्यातून पाझरणारे गुलाबी पाणी पाहून मांस नापाक समजण्याचे कारण नाही. धुणे आवश्यक ठरते ते जेथे वाहते रक्त प्रत्यक्ष लागलेले असेल तेथे. मानेचा तुकडा हे त्याचे नेहमीचे ठिकाण. कापणाऱ्याच्या लाकडी ओंडक्यावर ताजे रक्त साचले आहे आणि आपले मांस त्यात माखले, हे आपण डोळ्यांनी पाहिले असेल तर तेही धुवावे. "माखले असेल बहुधा" एवढ्या शंकेवर हुकूम बदलत नाही. निश्चित गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही, हा फिकहचा पायाभूत नियम आहे.

आता सासूबाईंनी जे लक्षात घ्यावे असे मला वाटते, ते सांगतो. समजा, मांसावर खरोखरच नजासत आहे. नळ पूर्ण सोडून त्याच्या धारेखाली आपण ते धरले. धार मांसावर आपटते, शिंतोडे उडतात. ते कोठे जातात? ओट्यावर, शेजारच्या माठाच्या झाकणावर, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांवर, स्वयंपाक करणारीच्या ओढणीवर. नजिस वस्तू धुतलेले पाणी नजिसच असते. सुईच्या टोकाएवढ्या शिंतोड्यांना आपल्या फकीहांनी सवलत दिली आहे, हे खरे. पण वेगाने धुताना उडणारे सगळेच काही सुईच्या टोकाएवढे नसतात. ज्या धुण्याने पाकी साधायची, तेच धुणे नापाकी घरभर नेते! सून रोगजंतूंविषयी जे म्हणते, तेच सासूबाई नजासतविषयी म्हणू शकतात. दोघींचा नळाला विरोध असायला हवा.

मग जेव्हा धुणे आवश्यक असेल तेव्हा काय करावे? एक खोल पातेले सिंकमध्ये ठेवावे. आधी त्यात मांस ठेवावे, मग तांब्याने हळूहळू पाणी ओतावे. हा क्रम शाफई मजहबच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण अल्प पाणी नजासतवर आले पाहिजे, नजासत पाण्यात बुडवून चालत नाही. पाण्याखालीच हात फिरवून रक्त सोडवावे, पाणी सिंकच्या तोंडाशी सावकाश ओतून द्यावे आणि असे तीन वेळा करावे. नंतर पातेले आणि सिंक साबणाने व गरम पाण्याने धुवावे. जेथे रक्ताचा लवलेश नाही, तेथे हेही करण्याची गरज नाही. मांस सरळ हंडीत जाऊ द्यावे.

ओघात आणखी एक मसला. काही ठिकाणी पिसे निघावीत म्हणून जिबह केलेली कोंबडी आतडी न काढताच गरम पाण्यात बुडवितात. पाणी खळखळ उकळते असेल आणि कोंबडी त्यात इतका वेळ राहिली की आतील घाण मांसात मुरली, तर हनफी फकीहांच्या मते ते मांस धुऊनही पाक होत नाही. पाणी केवळ गरम असेल, किंवा बुडवून लगेच काढले असेल, तर वरून धुणे पुरेसे आहे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पिसांसह कातडीच सोलतात, म्हणून हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तरी कातडीसह कोंबडी घेणाऱ्यांनी दुकानदाराला विचारावे. विचारण्यात लाज नाही.

माझे महाविद्यालयीन शिक्षण मराठी साहित्यात झाले, म्हणून एक भाषिक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठीत 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे वेगळे शब्द आहेत, तसे अरबीतही 'ताहिर' आणि 'नजीफ' वेगळे आहेत. नवी कोरी पण धुळकट चटई ताहिर असू शकते, नजीफ नसते. आणि या दोहोंपलीकडे तिसरी एक अवस्था आहे, 'निरुपद्रवी' असण्याची. मांस ताहिर असेल, दिसायला स्वच्छही असेल, तरी कच्चे असताना ते निरुपद्रवी असेलच असे नाही. दिव्य कुरआनात खाण्याच्या संदर्भात 'हलाल' या शब्दाच्या जोडीला 'तय्यब' हा शब्द चार ठिकाणी आला आहे: अल-बकरा १६८, अल-माइदा ८८, अल-अनफाल ६९ आणि अन-नहल ११४. हलालची चौकशी आपण दुकानात करतो. तय्यबची जबाबदारी मात्र दुकानातून बाहेर पडल्यावर आपल्याच पिशवीत येऊन पडते.

कोंबडीच्या आतड्यांत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सहज वास करतात. त्यांनी कोंबडी आजारी दिसत नाही, मांसाला वास येत नाही, रंग बदलत नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सअलबा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तीन दिवसांनी सापडलेली शिकारही, ती सडलेली नसेल तर, खाण्याची परवानगी त्यात आहे. काही बंधू यावरून असा निष्कर्ष काढतात की वास आला नाही म्हणजे झाले. परंतु सडणे ही हानीची एक खूण होय, एकमेव नव्हे. स्वतःला वा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा नियम व्यापक आहे. आणि ज्या हानीची खूण नाकाला कळत नाही, ती जाणकार वैद्याने सांगितल्यावर मानणे आपल्यावर येते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. हातापायांतील बळ जाते, कोणाकोणाला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. मात्र काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हाच जंतू सापडला. कोंबडीमुळेच साथ आली, असे मी म्हणत नाही, आणि आपणही कोणास म्हणू नये. पण ज्या जंतूला आपण 'पोट बिघडले, दोन दिवसांत बरे होईल' म्हणून सोडून देतो, त्याची मजल क्वचित कोठवर जाऊ शकते, हे त्यावरून समजावे.

अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कोंबडी धुणाऱ्यांपैकी १०० तील ६० जणांच्या सिंकमध्ये नंतर जंतू आढळले आणि २६ जणांच्या बाबतीत ते कच्च्या सॅलडच्या पानांपर्यंत पोहोचले. सॅलड शिजत नाही. आपली कोशिंबीर, कापलेला कांदा, लिंबू, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, यांपैकी काहीच शिजत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणालो तर ते अर्धसत्य होईल. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये इफ्तारची घाई होती. पत्नी भजी तळत होती. मी मदतीला म्हणून कोंबडीचे तुकडे केले आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर, नुसते पाणी फिरवून, काकडी कापली. तिसऱ्या दिवशी आमच्या चार वर्षांच्या मुलीला ताप आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले. ईदची रात्र आम्ही रुग्णालयात काढली. अल्हमदुलिल्लाह, ती बरी झाली. डॉक्टरांनी विचारले, "कच्चे मांस कोणी हाताळले?" तेव्हा मी मान खाली घातली. कारण काकडीच होते, हे सिद्ध करता येणार नाही. परंतु तेव्हापासून आमच्या घरात मांसाचा पाट आणि सुरी वेगळी आहे. भाजी विळीवर चिरली जाते आणि विळीला मांस लागत नाही.

गंगापूर रोडच्या कुटुंबांसाठी अंतराचाही प्रश्न आहे. अनेक जण ओळखीच्या दुकानातून हलाल मांस घेण्यासाठी जुन्या नाशकात, भद्रकाली किंवा दूध बाजाराकडे जातात. मग परतीच्या वाटेवर भाजी, मुलांच्या वह्या, एखाद्या नातेवाइकाकडे चहा. पिशवी स्कूटरला टांगलेली. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा ३८-४० अंशांपर्यंत चढतो. कच्चे मांस साध्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. उष्मा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून मांस सर्वांत शेवटी घ्यावे, भाजीच्या पिशवीत ठेवू नये, आणि चहा दुसऱ्या दिवशी प्यावा.

घरी आल्यावर ती पातळ पिशवी तशीच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबणे ही आपली सर्वांची सवय. रात्रभर तिच्यातून पाणी ठिबकते, खाली दूध असते, सकाळची चटणी असते. तुपात पडलेल्या उंदराविषयीची हदीस आपल्याला ठाऊक असेल: तूप घट्ट असेल तर उंदीर आणि त्याच्या भोवतालचे तूप काढून टाकावे, उरलेले वापरावे. घट्ट पदार्थात बिघाड जागच्या जागी राहतो. द्रवाबरोबर तो पसरतो. कोंबडीचे पाणी हा द्रव आहे. मांस झाकणाच्या डब्यात घालून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आसपास असावे आणि एक-दोन दिवसांत ते शिजवावे. त्याहून अधिक ठेवायचे असेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवावे, तेही एका वेळेस लागेल एवढे वेगवेगळे पुडे करून. बर्फात जंतू मरत नाहीत, झोपतात. म्हणून गोठलेले मांस ओट्यावर दिवसभर वितळत ठेवू नये. आदल्या रात्री डब्यासह फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावे. रात्री भांडी झाकून ठेवण्याची पैगंबर (स.) यांची शिकवण फ्रिजच्या आतही लागू आहे, असे मी घरात गमतीने म्हणतो, पण गंमत फार थोडी आहे.

दही, लिंबू, आले-लसूण आणि मसाला लावल्याने जंतू मरतात, हा समज निराधार आहे. मारते ती आच. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे. आपला रस्सा चांगला उकळतो, तेथे काळजी नाही. काळजी आहे ती कबाबची, तंदुरी तंगडीची आणि कच्च्या मांसाच्या दम बिर्याणीची, जिथे बाहेरून रंग येतो आणि हाडाजवळ मांस गुलाबी, लिबलिबीत राहते. कच्चे तुकडे ज्या ताटात होते, त्याच ताटात भाजलेले वाढणे तर दावतीच्या गर्दीत हमखास घडते.

यावर कोणी म्हणेल, मग कोंबडी खाणेच सोडावे. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला बर्ड फ्लू आढळला, भारतातील पहिलाच. लाखो पक्षी मारावे लागले आणि दूरदूरच्या लोकांनी भीतीने कोंबडी टाकून दिली. तेव्हाही नीट शिजविलेले मांस सुरक्षित असल्याचेच तज्ज्ञ सांगत होते. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी पैगंबर (स.) यांना कोंबडी खाताना पाहिल्याचे सहीह बुखारीत आहे. अल्लाहने हलाल केलेली वस्तू भीतीने स्वतःवर हराम करून घेऊ नये.

हातांविषयी एक हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे. हाताला मांसाचा चिकटपणा तसाच ठेवून जो झोपला आणि त्याला काही बाधा झाली, त्याने दोष स्वतःलाच द्यावा, असा तिचा आशय आहे. ती शिजलेल्या अन्नाच्या संदर्भातील आहे. कच्च्या मांसाचा हात तर त्याहून जपण्याचा. साबणाने, बोटांच्या फटींसह, निदान २० सेकंद हात धुवावेत. हळदीच्या डब्याला, फ्रिजच्या मुठीला, मोबाइलला हात लावायचा तो त्यानंतर.

शेजाऱ्यांचाही हक्क आहे. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत एकाच जिन्यावर मांस खाणारी आणि न खाणारी घरे असतात. मांसाची रक्ताळलेली पिशवी रात्री दाराबाहेर ठेवली की कुत्री ती जिनाभर ओढतात, आणि सकाळी नाव एका घराचे नव्हे, सगळ्या मुसलमानांचे निघते. हाडे-कातडी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवावी आणि घंटागाडी आली म्हणजे स्वतः खाली उतरून ओल्या कचऱ्यात द्यावी.

त्या भगिनीने चिठ्ठीच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली होती: सून ज्या सिंकमध्ये मांसाची भांडी धुते, तेथेच मी फजरचा वुजू करते, तो होतो का? होतो, अम्माजान. सिंक धुतलेले असेल तर मनात किंतु ठेवू नका. आपल्या सांध्यांना न्हाणीघरातील ओली फरशी धोक्याची असेल तर खुशाल तेथेच वुजू करा. फक्त रात्री झोपण्यापूर्वी सिंक साबणाने घासण्याचे काम सुनेकडे एकटीकडे राहू नये, ते आपल्या मुलालाही सांगा. आणि येत्या रविवारी मानेचा तुकडा तेवढा आपण पातेल्यात धुऊन द्या, बाकीचे तिला तसेच हंडीत टाकू द्या.